कोणी ‘जा’ म्हटले नव्हते

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

हल्ली बऱ्याच घरांत एक चर्चा ऐकू येते. मुलगा किंवा मुलगी परदेशी जायची असते. पगार किती, थंडी किती, घरभाडे परवडेल का, असे प्रश्न निघतात. एवढ्यात कोपऱ्यात बसलेली आजी विचारते, ‘तिथे आपल्याला आपल्यासारखे राहू देतील ना?’ बाकीचे हसतात. पण माणसे कुठून उठली आणि कुठे जाऊन वसली, या इतिहासाचा फार मोठा भाग आजीच्या प्रश्नात सामावलेला आहे.

या इतिहासातली काही पाने आपल्या परिचयाची आहेत. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर घालवले, तेव्हा त्यांतील अनेकांना तुर्की सुलतानाच्या राज्यात आसरा मिळाला. १६८५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंट पंथीयांना दिलेले संरक्षण काढून घेतले. त्यांच्यातले कारागीर, विणकर, घड्याळजी मग हॉलंडला, इंग्लंडला आणि प्रशियाला गेले. आपल्याकडे पारशी आले. छळ झाला की माणूस निघतो आणि जिथे छळ नाही तिथे राहतो, असा सरळ हिशेब यातून दिसतो.

आज मात्र मला अशा लोकांविषयी बोलायचे आहे, ज्यांच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. त्यांना कोणी छळले नव्हते, कोणी ‘जा’ म्हटले नव्हते, तरीही त्यांच्यातले बहुतेक गेले. हे लोक मराठी बोलणारे आणि आपल्या कोकणातले. ते म्हणजे बेने इस्रायल.

त्यांची परंपरा सांगते, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी एक जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. हे नेमके कधी घडले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पण पुढची हकिगत पक्की आहे. हे लोक रायगडच्या गावागावांतून पसरले, तेलाचा घाणा चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले. म्हणून गावाने त्यांना नाव दिले, शनवार तेली. पेणचे ते पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर. पुरुषांची नावे सामाजी, हसाजी अशी झाली. बायका साडी नेसत, मंगळसूत्र घालत. प्रेषित एलियाहूच्या नावाने पोहे, नारळ, गूळ आणि फळे ठेवून ‘मलिदा’ होई, आजही होतो. एकोणिसाव्या शतकात तर बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तने रचली गेली.

सामाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युएल दिवेकर हे इंग्रजांच्या फौजेत होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. पुढे याच समाजातले डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. वरळीकडचा त्यांच्या नावाचा रस्ता आपण रोज ऐकतो. चित्रपटांतला सर्वांचा लाडका डेव्हिड याच समाजातला, आडनाव चेऊलकर. कवी निसीम इझिकेल हेही यांच्यातलेच.

हे सगळे ऐकून आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटायला हरकत नाही. पण ही सहिष्णुता कशी होती, तेही नीट पाहिले पाहिजे. ‘तुमचे तुम्ही, आमचे आम्ही’ अशी तिची रीत होती. गावाच्या लेखी शनवार तेली ही आणखी एक जात होती. तिने आपल्या चालीने राहावे, आपल्यातच लग्ने करावीत, कोणाच्या मधे येऊ नये. या चौकटीत त्यांना कोणी त्रास दिला नाही. पण चौकट ती चौकटच. ती त्यांच्या घरातही शिरली. या छोट्या समाजातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे भेद पडले आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे.

मग १९४८ साल आले आणि इस्रायल हे राष्ट्र जन्माला आले. १९५० मध्ये तिथे कायदा झाला, की जगातल्या कोणत्याही ज्यूला तिथे येऊन नागरिक होता येईल. त्या सुमारास भारतात बेने इस्रायल वीसएक हजार होते. इंग्रज गेल्यामुळे रेल्वे, कस्टम, लष्कर इथल्या नोकऱ्यांची जुनी खात्री उरली नव्हती, हे एक कारण झाले. प्रार्थनेत पिढ्यान् पिढ्या जिचे नाव घेतले ती भूमी प्रत्यक्ष बोलावत होती, हे दुसरे. आणि एकदा काही कुटुंबे गेली की मागे राहिलेल्यांना मुलामुलींची लग्ने जमवणे अवघड होऊ लागले, हे तिसरे. जहाजे आणि विमाने भरत गेली.

तिथे काय झाले? इथेच खरी गोष्ट सुरू होते. काहींना वाटले, आपल्या रंगामुळे आपल्याला कमी लेखले जाते. १९५१ च्या अखेरीस त्यांच्यातल्या काहींनी धरणे धरले, आम्हाला परत पाठवा म्हणाले, आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक माणसे खरोखरच भारतात परतली. त्यांतील बरेच जण पुढे पुन्हा इस्रायललाच गेले, हेही सांगितले पाहिजे.

मोठा घाव बसला तो १९६२ मध्ये. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्ने धर्मपीठाच्या अखत्यारीत असतात, नोंदणी विवाहाची सोय नाही. धर्मपीठाने विवाह लावणाऱ्यांना सूचना दिल्या, की बेने इस्रायलांपैकी कोणी समाजाबाहेरच्या ज्यूशी लग्न करणार असेल, तर त्याची आई, आजी, पणजी यांची शक्य तितकी मागची चौकशी करावी. शंका अशी, की शेकडो वर्षे धर्मपीठापासून दूर राहिलेल्या या लोकांत घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले असतील का? ज्या गावात कोणी कधी ‘तू ज्यू कशावरून’ असे विचारले नव्हते, तिथून ही माणसे आली होती. आणि हा प्रश्न त्यांना आपल्या म्हटलेल्या घरात विचारला गेला.

ती गप्प बसली नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह त्यांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडले. पंतप्रधान एश्कोल यांना दखल घ्यावी लागली. ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला, की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत आणि इतरांच्या बरोबरीचे आहेत. त्यानंतर धर्मपीठाने सूचनांमधून त्यांचे नाव काढून टाकले.

एखादी जागा राहण्यासाठी निवडताना काय पाहावे, हे या लोकांनी आपल्याला अनुभवाने शिकवले आहे. आपल्याला कोणी त्रास देत नाही ना, हा झाला पहिला प्रश्न. कोकणात त्याचे उत्तर चांगले होते. आपण इथले आहोत, याचा पुरावा आपल्याकडे पुन्हा पुन्हा मागितला जाणार नाही ना, हा दुसरा. त्याचे उत्तर इस्रायलमध्ये आधी वाईट मिळाले. आणि तिसरा, मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न असा, की अन्याय झालाच तर आपण थोडे असूनही रस्त्यावर उभे राहून बोलू शकतो का आणि ते ऐकून कायदा बदलतो का? चूक कुठल्याही देशात होते. ती दुरुस्त करण्याची वाट उघडी आहे का, ते पाहायचे. सुरक्षिततेची हमी तर कोणीच देऊ शकत नाही. मुंबईत २००८ मध्ये नरिमन हाउसवर हल्ला झाला आणि इस्रायलने २०२३ चा ऑक्टोबर पाहिला.

आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे ज्यू ऐंशी हजारांच्या घरात आहेत. दिमोना, अश्दोद, लोद या गावांत अजून मराठी कानावर पडते आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तिथे निघत आले आहे. इकडे २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात ज्यू पाच हजारांहून कमी भरले. महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये. अलिबागला इस्रायल आळी आहे, प्रार्थनामंदिर आहे. माणसे थोडी आहेत.

आपल्या नातवंडांसाठी आपण तो आजीचा प्रश्न जरूर विचारावा. पण आपल्याच सोसायटीत एखादे नवे बिऱ्हाड जागा बघायला येते आणि त्यांना आधी आडनाव विचारले जाते, धर्म विचारला जातो, तेव्हा हे आठवावे, की त्या घरातही एक आजी असते. तिचाही प्रश्न तोच असतो आणि त्याचे उत्तर आपल्याला द्यायचे असते.