अपघातानंतरचा पहिला तास आणि मदत करणाऱ्याचे हक्क

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, जमाखर्च आणि नवीन यंत्रसामग्री यांची नोंद असते. परंतु रुग्ण दारापर्यंत पोहोचण्यापूर्वी वाया गेलेला वेळ कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. रस्ते अपघातांत तर अनेकदा याच वेळेवर जखमीचे भवितव्य ठरते. म्हणून आपले देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांच्यापुढे हा विषय मांडीत आहोत.

केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ व्यक्ती रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ५०,०२९ दुचाकीचालक व सहप्रवाशांनी हेल्मेट घातलेले नव्हते. गंभीर दुखापतीनंतरच्या ज्या एका तासात त्वरित उपचारांनी प्राण वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते, त्यास मोटार वाहन कायद्यात ‘गोल्डन अवर’ अशी संज्ञा आहे. या तासात रक्तस्राव आटोक्यात आला आणि श्वासमार्ग मोकळा राहिला, तर पुढील शस्त्रक्रियेला यशाची आशा राहते.

मग हा मोलाचा तास जातो कोठे? अपघातस्थळी गर्दी जमते, पण जखमीला उचलण्यास सहसा कोणी धजावत नाही. माणुसकी आटली, असे म्हणणे सोपे आहे. अपघात विभागाच्या दाराशी आम्हांस मात्र भीती दिसते. जखमीला आणणारे सद्गृहस्थ नाव न सांगता लगबगीने निघू पाहतात. पोलिसांचा ससेमिरा, न्यायालयाच्या तारखा आणि अनामत रक्कम गळ्यात पडेल ही धास्ती त्यांच्या मनात असते.

कायद्याने ही धास्ती निराधार ठरविली आहे. आधी उपचार, कायदेशीर सोपस्कार मागाहून, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सरकारी व खाजगी अशा सर्व डॉक्टरांना लागू केले. मदतनीसांच्या संरक्षणासाठी केंद्राने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांवर न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केले. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. त्यानुसार सद्भावनेने व स्वेच्छेने मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही उणीव राहिली तरी, दिवाणी अथवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. नाव व पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. साक्ष देणे न देणे त्याच्या इच्छेवर आहे. पोलिसांना कळविणे व वैद्यकीय-कायदेशीर नोंद करणे हे रुग्णालयाचे काम आहे, जखमीला आणणाऱ्याचे नव्हे. या हक्कांची सनद प्रत्येक रुग्णालयाने प्रवेशद्वारी लावावयाची असते. येता-जाता ती अवश्य वाचावी.

खर्चाचा प्रश्नही पुष्कळसा हलका झाला आहे. २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीस नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख रक्कम न भरता उपचार मिळू शकतात.

प्रत्यक्ष मदत करताना पुढील गोष्टी ध्यानात असाव्यात. प्रथम १०८ अथवा ११२ वर दूरध्वनी करून ठिकाण नेमके सांगावे. वाहता रक्तस्राव स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावा. पाहण्यासाठी कापड वारंवार उचलू नये. जखमीला पाणी, चहा पाजू नये. शुद्ध हरपली असल्यास ते श्वासनलिकेत जाऊ शकते आणि शस्त्रक्रियेपूर्वी पोट रिकामे असणे हिताचे असते. मान वळवू नये, हेल्मेट हिसका देऊन काढू नये. आग किंवा वाहनांचा धोका नसेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत जखमीस हलवू नये.

आपल्या उदार साहाय्यातून अपघात विभाग रात्रंदिवस सज्ज राहतो. परंतु तेथील खाट, प्राणवायू आणि डॉक्टर यांचा उपयोग जखमी वेळेत पोहोचला तरच होतो. रस्त्यावर जखमीसाठी थांबणारा अनोळखी मनुष्य हाही या संस्थेचा एक देणगीदारच होय. त्याच्या देणगीची पावती मात्र आम्हांस फाडता येत नाही. आपण स्वतः हेल्मेट वापरावे, घरातील तरुणांस तसा आग्रह धरावा आणि प्रसंग आल्यास निर्भयपणे थांबावे, अशी नम्र विनंती.