कात्रजचा घाट : एक खोटा संकेत

‘कात्रजचा घाट दाखविणें’ म्हणजे चकविणें. चैत्र शुद्ध ८ शके १५८५ (५ एप्रिल १६६३) च्या रात्रीं शिवाजीमहाराजांनीं लाल महालांत शाएस्तेखानावर छापा घातला. परततांना कात्रजच्या घाटांत बैलांच्या शिंगांस पेटते पलिते बांधून पाठलाग चुकविला, अशी परंपरा आहे. इ. स. पू. २१७ मध्यें हॅनिबलनें सुमारें २,००० बैलांकरवीं हेंच केल्याचें पॉलिबिअस लिहितो. जुलै १९४३ मध्यें हांबुर्गवर इंग्रज विमानांनीं धातूचा मुलामा दिलेल्या पट्ट्या उधळून जर्मन रडारास खोटे प्रतिध्वनि दाखविले. पलिते गेले, लहरी आल्या; तत्त्व तेंच राहिलें व पुढेंहि राहील. तथापि म्हण हा अस्सल कागद नव्हे, असें आम्हीं मानतों. ज्यांच्या दफ्तरांत या पलित्यांचा समकालीन उल्लेख असेल, त्यांनीं तो मूळ पाठासह प्रसिद्ध करावा.