उंदराचे दुखणे मोजतात कसे?

अंगदुखीची गोळी दुकानात येण्याच्या कितीतरी आधी ती कोणत्या तरी प्रयोगशाळेत उंदराला दिलेली असते, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानीही नसते. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत लूमवर बारा-बारा तास उभे राहणारे आपले खानदेशी बांधव पाळी सुटली की सुटी गोळी घेतात आणि पाण्याबरोबर गिळून झोपतात. त्या गोळीने दुखणे थांबते हे प्रथम ठरले कसे? उंदीर काही तोंडाने सांगत नाही. म्हणून तो काय करतो ते पाहायचे आणि किती वेळाने करतो ते मोजायचे, ही यातली युक्ती होय.

सर्वांत सोपे साधन म्हणजे तापवलेला तवा. धातूची सपाट पाटी विजेने सुमारे ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, भोवती काचेचे नळकांडे ठेवतात आणि त्यात उंदीर सोडतात. थोड्या सेकंदांत तो पंजा चाटतो किंवा उडी मारतो. तेवढा वेळ घड्याळावर टिपून त्याला लगेच उचलायचे. औषध दिल्यावर हाच वेळ लांबला तर औषधात काही गुण आहे असे समजायचे. मात्र ठरलेल्या मर्यादेपलीकडे, मग उंदीर हलो वा न हलो, त्याला तेथे ठेवायचे नाही. नाहीतर पाय भाजेल. ही पद्धत १९४४ साली वुल्फ व मॅकडोनाल्ड यांनी मांडली. त्याआधी, १९४१ साली, द'आमूर व स्मिथ यांनी शेपटीवर प्रखर प्रकाशाचा झोत टाकण्याची रीत काढली होती. शेपूट बाजूला झाली की वेळ टिपायचा.

या दोन साधनांत एक फरक आहे, तो समजून घेण्यासारखा आहे. शेपूट झटकणे हे मुख्यतः पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचे काम. त्याला मेंदूची परवानगी लागत नाही. चुलीला हात लागला की तो कळण्याआधीच मागे येतो, तसेच. पंजा चाटणे मात्र मेंदूशिवाय होत नाही. म्हणून एकाच साधनावर भिस्त ठेवून चालत नाही. शिवाय तव्यावर मॉर्फिनसारख्या औषधांचा गुण चटकन दिसतो, ॲस्पिरिनच्या जातीचा फारसा दिसत नाही, कारण ही औषधे मुख्यतः सुजेच्या दुखण्यावर चालतात. त्यांच्यासाठी १९५७ साली रँडॉल व सेलिटो यांनी वेगळे यंत्र आणले. सुजवलेल्या पंजावर हळूहळू दाब वाढवायचा आणि उंदीर किती दाबाला पाय ओढतो ते पाहायचे.

आणखी एक फसवणूक असते. औषधाने उंदीर नुसता गुंगला किंवा त्याचे स्नायू ढिले पडले, तरी तो तव्यावर स्वस्थच बसेल! म्हणून त्याला फिरत्या दांड्यावर चालवून पाहतात. लूमचा बीम फिरतो तसा हा दांडा सावकाश फिरतो. त्यावरून उंदीर पडू लागला तर दुखणे थांबले नसून अंगातले त्राण गेले असे समजावे.

आम्हाला सर्वांत आवडलेले साधन म्हणजे एक साधा केस. जर्मन शास्त्रज्ञ माक्स फॉन फ्राय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्याचे केस काडीला लावून माणसाची त्वचा तपासली. केस ठरावीक दाबालाच वाकतो, त्यापुढे दाब वाढत नाही. आज केसाच्या जागी नायलॉनचा धागा असतो. सुरतेला धाग्याचे अप्रूप नाही, पण हा धागा कामाचा आहे. उंदराच्या पंजाला तोच लावतात, आणि मधुमेही माणसाच्या तळपायालाही तोच. १० ग्रॅम दाबाचा धागा टोचलेला कळला नाही तर त्या पायाची संवेदना कमी झाली आहे. जखम झाली तरी कळणार नाही. कुष्ठरोगाच्या तपासणीतही असे धागे वापरतात. घरात मधुमेही असेल तर डॉक्टरांना ही तपासणी वर्षातून एकदा तरी करायला अवश्य सांगावे.

आता हे क्रौर्य नव्हे काय? प्रश्न रास्त आहे, जरी उसाच्या फडात झिंक फॉस्फाइडचे आमिष टाकताना तो आपल्याला फारसा पडत नसला. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली असे प्रयोग नियंत्रणात आहेत. १९९८ च्या नियमांनुसार संस्थेच्या नैतिक समितीची संमती लागते. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात तर आता हे प्रयोग संगणकावर व चित्रफितींवर दाखवतात; पाँडिचेरीच्या जिपमेर संस्थेतील डॉ. रवींद्रन यांनी त्यासाठी आज्ञावली तयार केली. ज्ञात गोष्ट पुन्हा पाहण्यासाठी दरवर्षी नवे उंदीर तापवण्यात काही अर्थ नव्हता, असे आमचे स्पष्ट मत आहे. नवे औषध शोधताना मात्र प्राण्यांवाचून अजून पुरते भागत नाही.

तरी उंदरावरचे यश माणसावर उतरेलच असे नाही. 'पी' नावाच्या मज्जाद्रव्याला अडवणारी औषधे प्राण्यांत वेदना थांबवत होती. माणसांवर १९९० च्या दशकात ती त्या कामी अपयशी ठरली. त्यांच्यापैकी एक पुढे कर्करोगाच्या उपचारातील उलट्यांवर उपयोगी पडले. २०१४ साली कॅनडातील संशोधकांना तर असे आढळले की नुसता पुरुषाचा वास आला तरी उंदरांची वेदना कमी दिसते. कारण भीती. तेव्हा कोण मोजतो यावरही आकडा बदलतो.

आपल्या निर्गुडीच्या पाल्याचा अर्कही भारतातील प्रयोगशाळांत उंदरांवर तपासला गेला आहे व त्यांत गुण दिसला आहे. म्हणून सांधे दुखत असताना पाल्याचा शेक घ्यायला आमची हरकत नाही. पण कुणी त्याचा काढा 'प्रयोगशाळेत सिद्ध' म्हणून विकू लागला, तर कुणावर सिद्ध झाला ते आधी विचारा. तीच गोष्ट सुट्या गोळ्यांची. डायक्लोफेनॅक उंदरांवर उत्तम ठरले, माणसांनाही उपयोगी पडले. पण ते दिलेल्या जनावरांची प्रेते खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली, आणि २००६ साली गुरांसाठी ते बंद करावे लागले. माणसाच्या मूत्रपिंडालाही ही जात जड जाते, विशेषतः उन्हाळ्यात, घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्याला. लूमवर काम करणाऱ्याने सलग चार-पाच दिवस गोळी लागत असेल तर दुकानदाराला नव्हे, सिव्हिल हॉस्पिटलातील डॉक्टरांना विचारावे, आणि कोणत्या गोळ्या घेतल्या त्यांची पाकिटे सोबत न्यावीत.