लघवी मोजली का?

दोन चमच्यांचे माप
दहा किलो वजनाच्या मुलाला सहा तासांत ३० मिलिलिटरहून, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांहून, कमी लघवी झाली तर त्याच्या मूत्रपिंडांना तीव्र इजा झाली असे डॉक्टर धरतात. जुलाब-उलट्या, रक्तातला जंतुसंसर्ग, हृदयाची शस्त्रक्रिया, काही औषधे ही नेहमीची कारणे.

रिपोर्ट नॉर्मल, तरीही
दुसरी खूण रक्तातल्या क्रिएटिनिनची. ते स्नायूंतून येते. मुलांचे स्नायू लहान, म्हणून आकडाही लहान. ०.३ चा ०.६ झाला म्हणजे दुप्पट झाला, पण लॅबच्या कागदावर तो नॉर्मल दिसू शकतो. शिवाय तो वाढतो उशिरा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अवेअर’ अभ्यासात ३२ बाल-आयसीयूंमधले ४,६८३ रुग्ण होते. सुमारे २७ टक्क्यांना ही इजा झालेली आढळली. लघवी कमी झालेल्यांपैकी ६७ टक्के रुग्ण नुसत्या क्रिएटिनिनच्या भरवशावर निसटले असते. नर्सच्या नोंदवहीतला लघवीचा रकाना रिकामा ठेवणे म्हणूनच महागात पडते.

रोजची यादी
अमेरिकेत सिनसिनाटीच्या बाल-रुग्णालयात फार्मासिस्ट रोज एक यादी काढू लागले. मूत्रपिंडाला बाधणारी तीन औषधे एकदम चालू असलेली, किंवा जेंटामायसिनसारखे इंजेक्शन तीन दिवस घेतलेली मुले तीत येत. त्यांचे क्रिएटिनिन रोज तपासायचे आणि टाळता येणारे औषध थांबवायचे, एवढेच. ना नवे यंत्र, ना नवी गोळी. नऊ रुग्णालयांनी ही ‘निन्जा’ पद्धत उचलली, तेव्हा अशी इजा सुमारे २४ टक्क्यांनी घटली.

छिंदवाडा ते नागपूर
२०२५ मध्ये छिंदवाड्याकडची मुले लघवी बंद झाली म्हणून नागपूरला आणली गेली. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या औषधात मूत्रपिंडे निकामी करणारे डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८ टक्क्यांवर निघाले. वीसहून अधिक मुले गेली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली ग्लिसरिनमधल्या याच विषाने १४ रुग्ण दगावले होते आणि लेंटिन आयोग बसला होता. मध्ये जवळपास चाळीस वर्षे गेली. इथे संशोधन कमी पडले नाही, बाटलीची तपासणी कमी पडली.

घरच्यांसाठी
गरज पडल्यास बाळाच्या पोटात नळी घालून, मोठ्या यंत्राशिवायही डायलिसिस करता येते. बरे झालेल्या मुलाचा रक्तदाब आणि लघवीतली प्रथिने तीन महिन्यांनी जरूर तपासून घ्या. आणि आजारी बाळाने सहा-आठ तास लंगोट ओले केले नसेल तर सकाळची वाट पाहू नका. दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या घेऊन दवाखाना गाठा.