लोणच्याचा ड्रम आणि घोडचा बंधारा

कयाकमध्ये जेवण कशात न्यायचं? आमच्या निमोण्याकडे घोड नदीत बंधारा आडवा आला की कयाक, सामान खांद्यावर घेऊन पलीकडे जायचं. कॅनडात याला पोर्टेज म्हणतात. पहिल्या वेळी पिशवी नेली, दशम्यांचा लगदा झाला.

आता लोणच्याचा 20 लिटरचा ड्रम. झाकणाला रबरी रिंग हवीच. ड्रमसकट वजन 20 किलोच्या आत असेल तर तो तरंगतो. आम्ही 8 किलोच भरतो, कारण बंधाऱ्यावर तो पाठीवर येतो ना! जुन्या सॅकचे पट्टे बांधा, पण ड्रमला भोक पाडू नका.

निघण्याआधी आत कोरडा कागद टाकून ड्रम हौदात दहा मिनिटं बुडवून धरा. रिकामा ड्रम जाम वर येतो, दोघं लागतात. कागद ओला निघाला तर रिंग बदला. लोणच्याचा वास मात्र राहतो, आमची तक्रार नाही.