देहूरोड ते मळवली : बौद्ध वारसा पर्यटनाच्या शर्यतीत कुठे?

माझे एक अशील चाकणच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांचे जपानी साहेब दोन वर्षे इथे राहिले. कंपनी, फ्लॅट आणि रविवारी मॉल, एवढेच त्यांनी पाहिले. परत जायच्या आठवड्यात त्यांना कळले की, तासाभरावर देहूरोडला खुद्द बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली आहे. "हे आधी का नाही सांगितले?" या त्यांच्या प्रश्नाला अशिलाकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नाही.

क्राउच आणि रिची या पर्यटनाच्या अभ्यासकांनी एक भेद सांगितला आहे. इतिहासाने दिलेले धन वेगळे आणि ते वापरण्याची कुवत वेगळी. आपल्याकडे धन किती ते पाहा! पिंपरीहून लोणावळा लोकल धरा. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी स्थापन झालेली, रंगूनहून आलेली मूर्ती. धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधीची ही घटना. पुढे घोरावाडी स्टेशन, वर शेलारवाडीची लेणी. तिथे धेनुकाकटच्या एका नांगरधाऱ्या कुणब्याच्या बायकोने मुलासह लेणे दान केल्याचा शिलालेख आहे. राजाचे नव्हे, कष्टकऱ्याच्या घरचे दान! आज तो डोंगर घोरावडेश्वर म्हणूनच ओळखला जातो. मग मळवली, भाजे आणि कार्ले. कार्ल्याच्या चैत्याचे द्वार घडविणाऱ्या धेनुकाकटच्या सुताराचे नाव दगडावर आजही आहे. तिथली बहुतेक गर्दी एकवीरेच्या दर्शनाची. त्या भाविकांबद्दल तक्रार नाही. पण शेजारच्या चैत्याची कहाणी त्यांना सांगणार कोण?

जागतिक आर्थिक मंच २००७ पासून देशांची पर्यटन-क्षमता मोजतो. २०१९ मध्ये १४० देशांत भारत ३४ वा होता, २०२४ मध्ये ११९ देशांत ३९ वा. (मधल्या काळात मोजण्याची पद्धत बदलली, तेव्हा हे दोन आकडे शेजारी ठेवून रडण्यात अर्थ नाही.) त्यात विमानतळ, सुरक्षितता, दर, वारसा सारे येते, पण देशाचे. देहूरोड त्यात कसे दिसणार?

मग आपणच मोजू या. डोकी मोजणे सोपे आहे. २५ डिसेंबरला आणि बुद्धपौर्णिमेला डोक्यांना तोटा नसतो. उरलेल्या दिवसांचे काय? परका माणूस स्टेशनवरून न विचारता विहारापर्यंत पोहोचतो का? बायाबापड्यांना स्वच्छतागृह मिळते का? शिलालेख वाचून दाखवणारा कोणी तिथे असतो का? पाहुणा मुक्काम करतो की दोन तासांत परततो? त्याच्या खर्चातले किती रुपये वस्तीतल्या पोरांच्या हातात पडतात?

केंद्राच्या स्वदेश दर्शन योजनेत बौद्ध सर्किटचे प्रकल्प मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार, गुजरात, आंध्र यांना मिळाले. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख ज्या महाराष्ट्रात, तो त्यात नव्हता! पण सगळा दोष दिल्लीवर टाकून आपण मोकळे होणार का? आपण मागणी केली ती पुतळ्यांची, कमानींची. आकडे घेऊन किती वेळा गेलो?

देहूरोड छावणीच्या हद्दीत, कार्ले-भाजे पुरातत्त्व खात्याकडे, कारखाने एमआयडीसीत. अर्ज कोणाकडे करायचा, इथूनच घोळ. म्हणून माझी सूचना साधी आहे. सणावाराचा नसलेला एखादा रविवार धरून चार कार्यकर्त्यांनी वही घेऊन देहूरोड, घोरावाडी आणि मळवली स्टेशनांवर बसावे आणि वरचे प्रश्न उतरणाऱ्यांना विचारावेत. निवेदन मी लिहून देतो, ती वही त्याला जोडू.