दहा फुटांचे प्रमाण

खेळांच्या नियमांतील जी मापे आज आपणास अचल भासतात, त्यांतील काहींच्या मुळाशी शास्त्र नसून एखाद्या इमारतीची निव्वळ सोय असते, याचे ठळक उदाहरण म्हणजे बास्केटबॉलच्या रिंगची दहा फूट, अर्थात ३.०५ मीटर, ही जगन्मान्य उंची होय.

१८९१ च्या डिसेंबरात, अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण संस्थेत, हिवाळ्यातील नीरस कवायतींना विटलेल्या विद्यार्थ्यांसाठी छपराखाली खेळता येईल असा एखादा खेळ शोधण्याची कामगिरी जेम्स नेस्मिथ या कॅनेडियन शिक्षकावर सोपवण्यात आली. गोल जमिनीलगत उभा असला की चेंडू सर्व शक्तीनिशी मारला जातो व बंदिस्त जागेत दुखापती होतात, हे ध्यानी घेऊन त्यांनी लक्ष्य डोक्यावर आणि आडवे ठेवण्याचे ठरवले, जेणेकरून चेंडू कमानीत फेकणे भाग पडावे आणि बळाची जागा कौशल्याने घ्यावी. ही योजना बुद्धिपुरस्सर होती. नेमका आकडा मात्र योगायोगाचा. नेस्मिथांनी दोन खोकी मागितली, रखवालदाराने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या, त्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकण्यात आल्या आणि तो कठडा दहा फुटांवर होता, एवढाच या प्रमाणाचा इतिहास!

पुढे टोपलीचा तळ गेला, लोखंडी कडे व जाळी आली, सज्जातील प्रेक्षकांनी चेंडू अडवू नये म्हणून मागे फळा बसला. पण उंची कायम राहिली. तिच्याविरुद्ध तक्रार झाली नाही असे नव्हे. खेळाडू उंच होत चालले तेव्हा कॅन्ससचे ख्यातनाम प्रशिक्षक फॉग ॲलन यांनी रिंग बारा फुटांवर न्यावी असा आग्रह धरला, आणि मार्च १९५४ मध्ये मिनियापोलिस लेकर्स व मिलवॉकी हॉक्स यांच्यात तसा एक सामना प्रत्यक्ष खेळवूनही पाहण्यात आला. परंतु उंचांचे वर्चस्व मोडण्याचा हा उपाय मुळातच सदोष होता; कारण रिंग वर गेली की नेम अधिक चुकतात, आणि चुकून परतणारा चेंडू हस्तगत करण्यात पुन्हा उंच खेळाडूच सरस ठरतो. म्हणून नियमकर्त्यांनी उंचीस हात न लावता इतरत्र फेरफार केले: रिंगखालची प्रतिबंधित जागा रुंदावली आणि रिंगकडे उतरणारा चेंडू अडवण्यास मनाई केली.

शिवाय नेस्मिथांचे मूळ तत्त्व आजही अबाधित आहे. रिंगचा आतील व्यास अठरा इंच, तर चेंडूचा सुमारे साडेनऊ इंच; त्यामुळे जमिनीशी अदमासे ३२ अंशांहून कमी कोनात उतरणारा चेंडू कड्याला न लागता आत जाणे भूमितीच्या दृष्टीने अशक्य असते, आणि कमान साधल्याखेरीज कोणाचेच भागत नाही.

मात्र हे प्रमाण प्रौढांचे आहे, याचा विसर पडू नये. बारा वर्षांखालील मुलांच्या मिनी बास्केटबॉलसाठी २.६० मीटर उंचीची तजवीज आंतरराष्ट्रीय नियमांतच केलेली आहे. दहा फुटांवर चेंडू पोहोचवण्यासाठी सर्वांगाने झोके घेणारे मूल नेम न शिकता केवळ चुकीची लकब शिकते. तेव्हा आपल्या शाळाचालकांनी क्रीडांगणावर निदान एक रिंग खाली उतरवून लावावी, हे इष्ट होय.